युवा पथकात मूल घालताना: वर्गणीपलीकडचा खर्च कसा मांडायचा, कसा कमी करायचा

स्काउट, गाइड किंवा तशाच एखाद्या युवा पथकात मूल घालायचं ठरलं की पालक पहिला प्रश्न विचारतात तो वर्गणीचा. प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. वर्गणी हा वर्षाच्या खर्चाचा लहानसा भाग असतो. गणवेश, सहली, शिबिरं, सामान, ने-आण हे सगळं मागाहून एकेक करून येतं, आणि घरात आधीच ओढाताण असली की तेच जड जातं. अशा वेळी मूल हळूहळू यायचं बंद होतं. कारण विचारलं तर ‘आता आवडत नाही’ असं सांगतं, पैशाचं नाव काढत नाही. हे टाळता येतं. त्यासाठी नाव नोंदवण्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन बसावं लागतं आणि पथकाला काही नेमके प्रश्न विचारावे लागतात.

वर्गणी कुठे जाते

वर्गणीचे साधारण दोन वाटे असतात. एक वाटा वरच्या संघटनेला जातो. त्यात नोंदणी, अपघात विमा, प्रशिक्षकांचं प्रशिक्षण आणि अभ्यासक्रमाचं साहित्य येतं. दुसरा वाटा पथकाकडेच राहतो. त्यातून जागेचं भाडं, वीज, दोऱ्या, तंबूंची दुरुस्ती, प्रथमोपचार पेटी, कागद-रंग आणि बिल्ले भागवले जातात. प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी विनामोबदला काम करतात, त्यामुळे वर्गणीत त्यांचा पगार नसतो. त्यांची नोंदणी आणि प्रशिक्षण यांचा खर्च मात्र असू शकतो.

हे दोन वाटे वेगळे कळले की सवलत कुठे मागता येईल तेही कळतं. वरच्या संघटनेचा वाटा डोईमागे ठरलेला असतो आणि वर्षातल्या एका ठरावीक दिवशी पटावर जितकी मुलं असतील तितक्यांचा भरावा लागतो. तो कमी करणं स्थानिक पथकाच्या हातात नसतं. स्वतःच्या वाट्यात मात्र पथक सूट देऊ शकतं, हप्ते करून देऊ शकतं. म्हणून वर्षाच्या मध्यात प्रवेश घेत असाल तर थेट विचारा, ‘उरलेल्या महिन्यांपुरतीच वर्गणी घेता का, की पूर्ण वर्षाची?’ काही पथकं पटाची तारीख उलटून गेल्यावर आलेल्या मुलाकडून त्या वर्षी फक्त स्थानिक वाटा घेतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मूल चार आठवडे आलं नाही म्हणून चार आठवड्यांची वर्गणी परत मिळत नाही. तीस मुलं आली काय, सव्वीस आली काय, सभागृहाचं भाडं तेवढंच असतं.

पहिले काही आठवडे काहीही विकत घेऊ नका

बहुतेक पथकं नव्या मुलाला दोन ते चार सभा नुसतं येऊन बघू देतात. या काळात गणवेश नको, सामान नको, शक्य असेल तर प्रवेश शुल्कही नको. दोनच गोष्टींची खात्री करून घ्या: या सभांत मुलाला विम्याचं संरक्षण आहे का, आणि संपर्काचा व आजार-ॲलर्जीचा फॉर्म भरून घेतला आहे का.

याच आठवड्यांत जुन्या मुलांच्या पालकांशी बोला. प्रशिक्षक खर्च कमी सांगतात असं नाही. पण त्यांना पथकाचा खर्च माहीत असतो, घराचा नसतो. मागच्या वर्षात एकूण किती गेले, हे दुसरे पालकच सांगू शकतात.

वर्षाचा तक्ता

एका कागदावर प्रत्येक खर्चापुढे चार गोष्टी लिहा: रक्कम किती, कोणत्या महिन्यात, सक्तीचा की ऐच्छिक, आणि ती वस्तू किती वर्षं चालेल. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि मग पहिल्या वर्षाचा आकडा बघून घाबरतात.

खाली एक नमुना आहे. प्रत्येक पथकाचे आकडे निराळे असतात, म्हणून इथे वार्षिक वर्गणी १०० धरली आहे आणि बाकी सगळं त्या प्रमाणात मांडलं आहे. तुमचे आकडे त्या जागी घाला.

वार्षिक वर्गणी: १००
गणवेश: ८० (दोन वर्षं चालेल)
शिबिराचं स्वतःचं सामान: २०० (चार वर्षं चालेल)
एका दिवसाच्या सहली: ४, प्रत्येकी १५, एकूण ६०
दोन रात्रींची शिबिरं: २, प्रत्येकी ६०, एकूण १२०
आठवड्याचं मोठं शिबिर: २५०
ने-आण: ४० सभा, प्रत्येकी २, एकूण ८०

पहिल्या वर्षी हातातून जाणारी रक्कम होते ८९०. गणवेश आणि सामान त्यांच्या आयुष्यावर विभागलं (म्हणजे ४० आणि ५०), तर दर वर्षाचा सरासरी खर्च ७०० येतो. वर्गणी त्याचा फक्त सातवा हिस्सा आहे. पहिल्या वर्षी गणवेश पथकाच्या पेटीतून मिळाला आणि सामान उसनं घेतलं, तर ८९० चे थेट ६१० होतात. कुठे पैसे वाचवायचे ते यावरून कळतं. वर्गणीत दहाची सूट मिळवण्यासाठी झटण्यापेक्षा उसनी झोपायची पिशवी मिळवणं कितीतरी फायद्याचं आहे.

तक्ता झाला की महिन्यांवर नजर टाका. वार्षिक वर्गणी, गणवेश आणि मोठ्या शिबिराची आगाऊ रक्कम एकाच महिन्यात येत असेल तर त्यातली एक तरी पुढे ढकलता येईल का, हे आत्ताच विचारा. सहा महिने आधी विचारलं तर सोय होते. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर खजिनदाराची इच्छा असूनही त्याचे हात बांधलेले असतात.

गणवेश

सर्वात आधी पथकाचा लिखित नियम मागून घ्या. अनेक ठिकाणी सक्ती फक्त शर्ट आणि स्कार्फची असते. पँट किंवा स्कर्ट त्याच रंगाचा साधा असला तरी चालतो, टोपी ऐच्छिक असते, आणि स्कार्फ तर दीक्षेच्या (म्हणजे पथकात रीतसर प्रवेशाच्या) वेळी पथकच देतं. दुकानातला ‘पूर्ण संच’ या नियमापेक्षा नेहमी मोठा असतो.

शर्ट एक माप मोठा घ्या. बाही दुमडता येते आणि लांबी पँटमध्ये खोचता येते. दोन मापं मोठा मात्र घेऊ नका. खांद्याची शिवण दंडावर उतरते, बिल्ले चुकीच्या जागी बसतात आणि मुलाला तो घालायची लाज वाटते. पँट दीड-दोन इंच लांब घेऊन आतून दुमडून टाचून ठेवा.

वयोगट बदलायला सहा महिन्यांहून कमी राहिले असतील तर नवा शर्ट घेऊच नका. वरच्या गटात गेल्यावर बहुतेक संघटनांत गणवेश बदलतो. तोवर उसना शर्ट पुरतो.

बिल्ल्यांच्या बाबतीत बहुतेकांची एकच चूक होते, ती म्हणजे गोंद किंवा इस्त्रीने चिकटवणं. दोन-तीन धुण्यांत कडा सुटतात, आणि काढल्यावर कापडावर कडक डाग राहतो, म्हणजे शर्ट पुढच्या मुलाला देता येत नाही. बिल्ल्याच्या रंगाचा दोरा घेऊन हाताने, कडेवरून, जवळजवळ टाके घाला. टाके फक्त काठाच्या जाड पट्टीतून आणि शर्टाच्या एकाच पदरातून जावेत. खिशावर बिल्ला असेल तर खिशात पुठ्ठा घालून शिवा, नाहीतर खिसाच शिवला जातो. टाके उसवताना मागच्या बाजूने उसवा.

मुलाचं नावही कापडावर शाईने लिहू नका. फितीच्या तुकड्यावर लिहून कॉलरच्या आत टाचा. शर्ट पुढे गेला की फीत बदलते.

पथकात गणवेशाची अदलाबदल पेटी नसेल तर ती सुरू करायला एक खोका आणि एक पालक पुरतो. नियम सोपा ठेवा: लहान झालेला शर्ट धुऊन, बिल्ले काढून ठेवायचा आणि मोठा घ्यायचा. ही पेटी सर्वांसाठी असावी. ‘गरजूंसाठी’ अशी चिठ्ठी तिच्यावर लागली की तिच्याकडे कुणी फिरकत नाही.

सामान: काय घ्यायचं, काय उसनं आणायचं

पहिल्या शिबिराला बूट सोडून बाकी सगळं उसनं चालतं. मूल दुसऱ्या शिबिरालाही उत्साहाने निघालं की मग खरेदी सुरू करा, आणि तीही एकदम नाही. आधी पायात नीट बसणारे बूट आणि पावसाचं जॅकेट, मग झोपायची पिशवी, मग जमिनीवरची चटई, सर्वात शेवटी पाठपिशवी. तंबू, चूल, भांडी, कुऱ्हाड हे पथकाचं सामान असतं, घरून घ्यायचं नसतं. चाकूही मुलाने स्वतःच्या मनाने आणायचा नसतो.

बूट उसने देऊ-घेऊ नका. वापरलेला बूट आधीच्या पायाच्या आकाराला बसलेला असतो आणि नव्या पायाला फोड आणतो. बुटात जाड मोजा घालून उभं राहिल्यावर सर्वात लांब बोटापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. शिबिराच्या किमान दोन आठवडे आधी रोज थोडा वेळ घालून फिरवा.

झोपायच्या पिशवीच्या लेबलवर तीन तापमानं छापलेली असतात: आरामदायी, मर्यादा आणि टोकाचं. दुकानदार बोट ठेवतो ते बहुधा सर्वात खालच्या आकड्यावर. तो निभाव लागण्याचा आकडा आहे, झोप लागण्याचा नव्हे. आयएसओ २३५३७ या मानकात आरामदायी आकडा प्रौढ स्त्रीच्या आणि मर्यादेचा आकडा प्रौढ पुरुषाच्या शरीरावरून काढतात. मुलांचं शरीर त्यात धरलेलं नाही. म्हणून मुलासाठी फक्त आरामदायी आकडा बघा आणि शिबिराच्या जागी रात्री अपेक्षित असलेल्या तापमानाहून तो काही अंश खाली असेल अशी पिशवी घ्या. आतून एक सुती खोळ शिवून घातली तर पिशवी वारंवार धुवावी लागत नाही आणि जास्त वर्षं टिकते.

चटईसाठी साधी फोमची गुंडाळी उत्तम. हवा भरायची गादी महाग पडते, काट्याने फुटते, आणि जाड असूनही थंड लागते, कारण आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीकडे जाते.

पाठपिशवीत पैसे सर्वात जास्त वाया जातात. पाठीवर घेऊन चालायचं वजन मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत राहावं असं साधारण धरतात. ३५ किलोच्या मुलासाठी ते साडेतीन ते सव्वापाच किलो होतं. एवढ्यासाठी ३० ते ४० लिटरची पिशवी भरपूर झाली. ‘मोठा झाल्यावरही चालेल’ म्हणून ६५ लिटरची घेतली तर मूल ती भरून टाकतं, मग कमरेचा पट्टा बसत नाही आणि सगळा भार खांद्यांवर येतो.

सामान खराब होतं ते वापरून कमी आणि ओलं ठेवून जास्त. शिबिराहून आल्या दिवशीच पिशवी उलटी करून वाळवा, टॉर्चमधले सेल काढा, जॅकेट टांगा. झोपायची पिशवी तिच्या घट्ट खोळीत वर्षभर कोंबून ठेवू नका. आतलं भरण चपटं होतं आणि ऊब कायमची कमी होते. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. एवढं पाळलं तर ती दोन भावंडांना सहज पुरते.

शिबिराचं पत्रक वाचताना

रकमेआधी ‘यात काय समाविष्ट आहे’ ही ओळ शोधा. प्रवास, जेवण, उपक्रमांचं प्रवेश शुल्क, विमा यांतलं जे लिहिलेलं नाही ते वेगळं लागणार असं धरा आणि विचारून घ्या. खर्चाचे सुटे पैसे किती द्यायचे याला पथकाने कमाल मर्यादा घालून द्यावी. घातली नसेल तर तुम्ही सुचवा. मर्यादा नसली की मुलांत तुलना सुरू होते.

मोठ्या शिबिराचे २५० दहा महिन्यांत विभागले तर महिन्याला २५. एवढा साधा हप्ताही अनेक पथकं आपणहून सांगत नाहीत, पण मागितला तर देतात.

आगाऊ रक्कम परत मिळत नाही याचा पालकांना राग येतो. त्यामागचं गणित असं: बसचं भाडं ४८० आहे आणि ४० मुलं जाणार आहेत, म्हणजे डोईमागे १२. शेवटच्या आठवड्यात आठ मुलं गळाली तर उरलेल्या ३२ मुलांवर १५ पडतात. बस तर तीच असते. म्हणून जमणार नसेल तर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. जागा दुसऱ्या मुलाला देता आली तर बहुतेक पथकं रक्कम परत करतात. आजारपणामुळे रद्द झालं तर काय, हे मात्र पैसे भरण्याआधी लेखी विचारून ठेवा.

परदेशातल्या मेळाव्यांचं गणित वेगळं असतं. जागतिक स्काउट जांबोरी चार वर्षांतून एकदा भरते, १४ ते १७ वयाच्या मुलांसाठी असते, आणि २०२७ ची पोलंडमध्ये ग्दान्स्क इथे आहे. अशा मेळाव्याची तयारी दीड-दोन वर्षं आधी सुरू करावी लागते. विमान, व्हिसा, विमा, गट-गणवेश, आधीची सराव शिबिरं हे सगळं मिळून मेळाव्याचं शुल्क त्यातला एक भागच उरतं. शिवाय अडचणीसाठी राखीव रक्कम हवीच. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या जांबोरीत प्रचंड उष्म्यामुळे काही देशांच्या तुकड्यांनी तळ मध्येच सोडला आणि पुढे वादळ येत असल्यामुळे सगळा तळच रिकामा करावा लागला. अशा वेळच्या राहण्या-फिरण्याचा खर्च कोण उचलणार, हे पैसे भरण्याआधी ठरलेलं असावं.

मदत मागताना

१ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी जे पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, त्यातच ऐपतीप्रमाणे शुल्क होतं. महागड्या निवासी शाळांतल्या मुलांना एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग होत, म्हणजे दुसऱ्या गटाने साधारण सहावा हिस्साच भरला आणि सगळी मुलं एकाच तळावर, मिसळलेल्या तुकड्यांत राहिली. तेव्हा सवलत मागताना ओशाळण्याचं कारण नाही. ती या चळवळीत पहिल्या दिवसापासून आहे.

बोलावं ते खजिनदाराशी किंवा मुख्य प्रशिक्षकाशी, एकट्याने, आणि पैसे भरायच्या तारखेच्या आधी. मुलाच्या हाती निरोप पाठवू नका. पालकांच्या सामायिक ग्रुपवर लिहू नका. तुम्ही किती आणि कधी देऊ शकता तेही सांगा, म्हणजे समोरच्याला लगेच निर्णय घेता येतो. निरोप असा लिहिता येईल:

‘नमस्कार. मुलीला मोठ्या शिबिराला पाठवायची आमची इच्छा आहे. पूर्ण रक्कम यंदा आम्हाला जमणार नाही. निम्मी रक्कम आम्ही पाच हप्त्यांत, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत देऊ शकतो. उरलेल्या रकमेसाठी पथकाकडे काही सोय आहे का? ही गोष्ट तुमच्यात आणि खजिनदारांतच राहावी, ही विनंती.’

उत्पन्नाचे दाखले, पगाराच्या पावत्या मागणारं पथक चूक करतं असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांना खरी गरज असते तेच अशा मागणीने माघारी फिरतात. भावंडांसाठी सवलत, शाळेचा किंवा स्थानिक संस्थांचा मदतनिधी, वरच्या संघटनेचा शिबिर-निधी यांचीही चौकशी करा. या निधींचे अर्ज बहुधा पालकांनी नव्हे, पथकाने करायचे असतात आणि त्यांना मुदत असते.

पथक चालवणाऱ्यांसाठी

वर्गणी ठरवताना सर्रास होणारी चूक अशी: वर्षाचा खर्च २७००, मुलं ३०, म्हणून वर्गणी ९०. मग तीन जणांना जमत नाही, तूट येते आणि खजिनदार त्यांच्या मागे लागतो. त्याऐवजी २७ मुलंच पैसे भरणार असं धरून वर्गणी १०० ठेवा. तीन जागांचे पैसे कुणाचंही नाव न घेता आधीच भरलेले असतात. त्या वापरल्या गेल्या नाहीत तर रक्कम शिबिर-निधीत जाते. शिवाय तीन महिन्यांचा चालू खर्च शिल्लक असावा, म्हणजे जागेचं भाडं अचानक वाढलं तरी मुलांवर लगेच बोजा पडत नाही.

निधी उभारताना प्रत्येक मुलाला विक्रीचं लक्ष्य देऊ नका. ज्याचे नातेवाईक सधन त्याची विक्री जास्त, हे उघड आहे. विक्रीचा नफा मुलाच्या वैयक्तिक खात्यावर जमा केला तर ज्याला गरज कमी त्यालाच जास्त मिळतो. अमेरिकेतल्या मस्कोगी गावात १९१७ मध्ये गर्ल स्काउटच्या एका तुकडीने बिस्किटं भाजून शाळेत विकली ती तुकडीच्या सेवाकार्यासाठी. नफा असा सामायिक ठेवणं हीच आजही बरी पद्धत आहे. काम सर्वांनी करायचं, पैसा सर्वांच्या शिबिराचा.

पैसे देता न येणारं घर ओळखायच्या काही खुणा आहेत. हप्त्याच्या तारखेच्या आठवड्यात मूल गैरहजर राहतं. सहलीच्या दिवशी नेमकी तब्येत बिघडते. साध्या सभेला मात्र ते उत्साहाने येतं. अशा वेळी आठवणीचा दुसरा निरोप पाठवण्यापेक्षा पालकांना फोन करून ‘शिबिराच्या एका जागेचे पैसे आधीच भरलेले आहेत, मुलाला पाठवाल का?’ एवढंच विचारा. थकबाकीची यादी भिंतीवर किंवा ग्रुपवर कधीही लावू नका, आणि मुलांसमोर पैशांची विचारणा करू नका.

हिशोब साधा ठेवा: पथकाचं स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या, रोख घेतली तर त्याच क्षणी पावती, आणि वर्षातून एकदा सर्व पालकांना एका पानाचा जमाखर्च. मोठ्या मुलांना यात सामील करून घेता येतं. सहा-आठ जणांच्या संघाला शिबिराच्या स्वयंपाकाची रक्कम हाती द्या, यादी त्यांनाच करू द्या, खरेदीला बरोबर जा, आणि उरलेली रक्कम कशावर खर्चायची ते त्यांना ठरवू द्या. १९०८ च्या मूळ स्काउट नियमांतला नववा नियम काटकसरीचाच होता, आणि तो शिकवायला याहून चांगली जागा नाही.

पथक सोडताना

मूल सोडणार असेल तर पुढच्या पटाच्या तारखेआधी लेखी कळवा. नाहीतर पथकाला त्याच्या नावाचा वरचा वाटा भरावा लागतो आणि तो तुमच्याकडे मागितला जातो. वर्गणी बँकेतून आपोआप जात असेल तर ती सूचना तुम्हीच थांबवा. उसनं आणलेलं सामान वाळवून परत करा, शर्टाचे बिल्ले उसवून मुलाकडे ठेवा आणि शर्ट पेटीत टाका. शिबिरासाठी भरलेले हप्ते असतील तर परतावा मागा. पथकाला तो देता येत नसेल, तर ती रक्कम दुसऱ्या मुलाच्या जागेसाठी वापरायला सांगता येते.